लाल रेघ

एकदा एक माणूस भंगारातून फटफटी करायला बसला. गरज म्हणून नव्हे, हौस म्हणून. लोक पत्ते कुटतात, कोणी कबुतरं पाळतो. याने औषध फवारायच्या जुन्या पंपाचं इंजिन उचलून आणलं आणि आपल्या सायकलीच्या नळ्यांमध्ये बसवायला घेतलं. माणसांची नावं मी सांगत नाही. नाव कळल्याने गोष्ट जास्त शहाणी होत नाही.

गावात सायकल दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. तोंडाने फटकळ, हाताने सावकाश. आपला हा हौशी माणूस त्याचाच शिष्य. दिवसभर स्वतःच्या कामावर जायचा आणि संध्याकाळी वस्तादच्या दुकानात येऊन इंजिनाशी झटापट करायचा. चार महिने गेले. येणारे-जाणारे विचारायचे, "काय रे, गिरणी कधी सुरू होणार? दळण घेऊन येतो."

"हसा लेको," हा म्हणायचा. "सुरू झाली की धूर खाल."

एके दिवशी खरोखरच सुरू झाली. लोखंडाच्या दोन पट्ट्या, चार नट, त्यांत इंजिन घट्ट धरलेलं. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल. निळाशार नवा रंग. गल्लीतून तीन फेऱ्या मारून हा घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "तुझ्या भावाच्या मुलीचं बारसं आहे ना रविवारी? यावरून जाऊ."

बायकोचं माहेर घाटाच्या पलीकडे. आधी तीन कोस सपाट रस्ता, मग लांबलचक उतार, एका बाजूला दरी. ती सायकलीकडे बघत राहिली. "अहो, नक्की ना?"

"माझ्या हातांनी आवळलंय सगळं."

"ते खरं हो. पण नक्की ना?"

आता यात चिडण्यासारखं काय होतं? पण हा चिडला. चार महिन्यांच्या कष्टावर घरच्याच माणसाने शंका घ्यावी, हे त्याला लागलं. ती येते म्हणाली, पण मनातून धास्तावलेलीच होती. हा मात्र वस्तादच्या दुकानात जाऊन रविवारचा बेत आणि बायकोचं 'नक्की ना', दोन्हींचं गाऱ्हाणं सांगून आला.

शनिवारी संध्याकाळी वस्ताद आपणहून त्याच्या घरी आला. सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि बायकोला हाक मारली, "सूनबाई, नखांना लावायचा लाल रंग आहे का घरात?"

तिने बाटली आणून दिली. म्हातारा उकिडवा बसला, चष्मा पुसला आणि एकेका नटावर लाल रेघ ओढू लागला. अर्धी रेघ नटावर, तीच पुढे पट्टीवर. इंजिनाचे चार, चाकांचे चार, हँडलचा एक. नऊ रेघा.

शिष्य हसू दाबत म्हणाला, "वस्ताद, पूजा करायची तर हळद-कुंकू आणतो की."

"पूजा तुझ्या डोक्याची कर," म्हातारा म्हणाला. "उद्या उतार लागायच्या आधी वडाखाली थांब. मी तिथे असेन. न थांबता पुढे गेलास तर पुन्हा दुकानाची पायरी चढू नकोस."

एवढं बोलून तो गेला. रेघा कशासाठी हे याने विचारलं नाही. शिष्याने न समजता गप्प राहावं यापेक्षा वाईट खोड दुसरी नाही, पण ती सगळ्यांनाच असते.

सकाळी निघताना याला त्या रेघा डोळ्यांत सलू लागल्या. निळ्या रंगावर लाल फराटे, आणि सासरवाडीत शंभर माणसं बघणार. त्याने बायकोचं नखांचा रंग काढायचं औषध बोळ्यावर घेतलं आणि एकेक रेघ पुसून टाकली. इंजिनाच्या पोटाखालचा एक नट आत होता, तिथे हात पोहोचला नाही. ती रेघ राहिली.

बायको बाळंतविड्याचं गाठोडं मांडीवर घेऊन मागे बसली. फटफटी निघाली. सपाट रस्ता छान सरला. पाय न मारता सायकल पळतेय, वारा कानाला लागतोय. बायकोही दोनदा हसली. वडाखाली वस्ताद आपली साधी सायकल टेकवून तंबाखू मळत बसला होता.

"नट आवळलेले आहेत का?" त्याने विचारलं.

"मीच आवळलेत, वस्ताद. चांगला जोर लावून."

"तू आवळलेस ते मला ठाऊक आहे. आवळलेले आहेत का, ते विचारतोय."

शिष्याला यातला फरक कळेना. म्हाताऱ्याने सायकलीकडे पाहिलं. "रेघा कुठे गेल्या?"

"पुसल्या. डागासारख्या दिसत होत्या."

तेवढ्यात पाय मोकळे करायला जमिनीवर टेकलेली बायको इंजिनाच्या खालून बघत म्हणाली, "अहो, ही एक राहिलीय. पण तुटल्यासारखी दिसते."

शिष्याने वाकून पाहिलं. रेघेचा पट्टीवरचा भाग जागेवर होता. नटावरचा भाग मात्र बाजूला सरकला होता. त्याने वरच्या नटाला हात लावला. तो चिमटीत धरताच फिरला. दुसराही फिरला. पाना लागलाच नाही.

त्याने उताराकडे पाहिलं, मग बायकोकडे. इंजिन उतारावर सुटलं असतं तर मागच्या चाकातच पडलं असतं, आणि मागे कोण बसलेलं असतं?

"वस्ताद, मी कमी आवळले का?"

"नाही," वस्ताद म्हणाला. "बरोबर आवळलेस, मी परवा तपासले होते. तरी सुटले. तेवढंच शिकायचं राहिलंय तुझं. यंत्र थरथरतं, आणि थरथर नटाला कणाकणाने फिरवते. त्यात ना तुझी चूक, ना नटाची. चूक नसतानाही वस्तू सैल होतात, बाबा. तू काल किती जोर लावलास यावरून आज नट कुठे आहे ते कळत नाही. रेघ काही धरून ठेवत नाही. हललं एवढंच सांगते. आणि सूनबाईने 'नक्की ना' विचारलं, तेव्हा तीसुद्धा तुझ्या कष्टावर शंका घेत नव्हती. आजचं विचारत होती. तू कालचं उत्तर दिलंस."

शिष्याने पाना काढला आणि नऊच्या नऊ नट पुन्हा आवळले. बायकोने गाठोड्यातून लाल बाटली काढून पुढे केली. वस्तादने हात लावला नाही. रेघा शिष्यानेच ओढल्या, अगदी हँडलवरचीसुद्धा, जी समोरून सगळ्यांना दिसणार होती. घाटात मधे दोनदा थांबून त्या पाहिल्या. बारशाला ते जरा उशिरा पोहोचले, पण पोहोचले.

ही गोष्ट सायकलीची आहे असं ज्याला वाटत असेल त्याला वाटू दे. ज्यांच्या लग्नाला नि दोस्तीला वीस-वीस वर्षं झाली आहेत, त्यांनी मात्र एकदा वाकून पाहावं.

तो शिष्य अजून फटफटी चालवतो. निघण्याआधी रोज उकिडवा बसतो आणि रेघा मोजतो. त्याला वाकलेला पाहिला की बायको काही न विचारता मागे बसते.