तळाच्या गाळातला अर्ज

विषय : ध्रुवीय समुद्राच्या तळाशी ऊब मंजूर होण्याबाबत.

फार पूर्वी उबदार प्रवाहातून वाहत आलेला तापोबा नावाचा जिवाणू त्या काळोख्या गाळात रुतला. वरून मेलेल्या शेवाळाचे कण झोपेत असल्यासारखे उतरत होते. थंडीने तापोबाची कातडी ताठरू लागली.

शेजारच्या हिमाक्का, याच थंडीत मुरलेल्या जिवाणू, एकच कण कित्येक वर्षं चघळत होत्या. त्या म्हणाल्या, "मेल्या, आधी कातडी मऊ कर आणि सावकाश खा. नाहीतर गोठशील."

"इतकं सावकाश? याला काय जगणं म्हणतात, अक्का? मी समुद्राकडे अर्ज केलाय."

"समुद्र वाचतो होय रे?"

निकाल लागेपर्यंत कातडीला हात लावायचा नाही, असं ठरवून तापोबा वाट पाहत बसला आणि बसल्या जागी गोठला.

पुढच्या काही वर्षांत हिमाक्का एकीच्या दोन झाल्या. अर्ज विचाराधीन आहे.