कुंभाराने पाडलेले दगड

एका गावात एक कुंभार होता. हाताचा पक्का, पण वाचायचं म्हटलं की लगेच डोळ्यांत कचरा जायचा.

राजाने दवंडी पिटवली, "नवं घर दगडाचंच हवं! अर्ज करा, परवानगी घ्या. अर्जात खोटं निघालं, तर भिंत पाडू!"

कुंभाराला खाणीतला दगड कुठला परवडायला? त्याने दगडाची भुकटी नि चुना कालवला आणि साच्यात विटा पाडाव्यात तसे दगड पाडले. भिंती उभ्या राहिल्या. अर्जात ठोकून दिलं : दगड खाणीतला. शेजारच्या पाथरवट आजीनेही तेच लिहिलं. तिचा मात्र खरोखरच खाणीतला होता, स्वतःच्या हाताने फोडलेला.

पाहणीला राजाचा अधिकारी आला. आधी फेटा आला, मग मागून साहेब. कुंभाराच्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "वा! याला म्हणतात दगड!"

आजीच्या भिंतीत दगड वेडेवाकडे, मध्येच पांढरे ठिपके. "आजीबाई, हा चुना घालून केलेला माल. अर्ज खोटा. उद्या भिंत पाडायची."

"डोळे आहेत की कवड्या?" आजी कडाडली. "ठिपके दगडाच्या पोटातलेच आहेत. पन्नास वर्षं दगड फोडलेत मी!"

"सगळे असंच म्हणतात."

कुंभार पेचात पडला. गप्प राहावं तर आजीचं घर जातं. बोलावं तर आपलं. बायको-पोरांनी अजून किती दिवस मेहुण्याच्या ओसरीवर पथारी टाकायची? त्याने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा शब्द आपोआपच बाहेर पडले.

"साहेब, बनावट माल माझा. माझ्या दगडांचे गाल बघा. प्रत्येकाला एकाच जागी खळी. साच्यात खडा चिकटला होता. आजीचे दोन तरी दगड सारखे आहेत का?"

साहेबांनी दहा दगड तपासले. दहा खळ्या! फेटा जरा खाली आला. "चुकलो, आजी."

"आता माझी भिंत पाडा," कुंभार डोळे मिटून म्हणाला.

"कशाला? साच्यातला दगडही चालतो की! कोणता ते खरं लिहायचं, एवढंच. अर्जाच्या तळाशी लिहिलंय. वाचलं नाहीस?"

"तळापर्यंत... गेलोच नाही."

"शिक्का अजून माझ्या पिशवीत आहे. तोवर दुरुस्त कर."

कुंभाराने 'खाणीतला' खोडलं, 'साच्यातला' लिहिलं. दोन्ही अर्जांवर शिक्के बसले. त्याने असा सुस्कारा सोडला, की साहेबांच्या हातातला कागद उडाला.

आजीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, जीव टांगणीला लावलास माझा! चल, उंबऱ्याला एक दगड देते माझ्यातला. निदान पाय ठेवायला तरी काहीतरी खरं असू दे तुझ्या घरात!"

तात्पर्य : खरं लिहिलं की सुटका होते, आणि अर्ज तळापर्यंत वाचला, तर अडकायची वेळच येत नाही.