मुठीची ढोली

सह्याद्रीच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या दाट रानात एक साळिंदरबाई आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत होती. सगळे रान तिला साळूबाई म्हणे. अंगाने ठेंगणी, पण तोरा असा की विचारू नका! नाकावर माशी बसू द्यायची नाही. करांद्यांचे कंद उकरण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते, आणि ही गोष्ट ती स्वतःच चारचौघांत सांगत असे. मनाने मात्र दिलदार होती हो; उगाच नावे कशाला ठेवा?

बाळांनो, ते रान देवाला भिऊन वागणारे होते. दर रविवारी ओढ्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली उपासना भरे. म्हातारे कासव त्यांचे पाळक. त्याचे प्रवचन त्याच्या चालीइतकेच संथ, आणि निम्मी सभा पेंगत असे, हे कबूल केलेच पाहिजे. पण कुणी आजारी पडले, की त्याच्या दाराशी सर्वांत आधी हे कासवच हजर. कसे पोहोचे, देव जाणे!

त्या मोहाच्या बुंध्यात एक खोल ढोली होती. तिला मुठीची ढोली म्हणत. जेवायला बसण्याआधी प्रत्येक घरात देवाच्या नावाने एक मूठ बाजूला काढायची, कुणी मोहाची सुकी फुले, कुणी बोरे, कुणी चारोळ्या, आणि रविवारी ती ढोलीत टाकायची. ज्याच्या घरी खायला नसेल त्याने त्याच ढोलीतून घ्यायचे. रीत अशी, की एकेकाने ढोलीपाशी जायचे आणि बाकीच्यांनी ओढ्याकडे तोंड करून गीत म्हणायचे. कुणाची मूठ जाताना भरलेली होती आणि कुणाची येताना, हे देवाखेरीज कुणाला कळत नसे.

एके दिवशी रानात बातमी आली, "भृंगराज येणार!" भृंगराज म्हणजे तो काळाभोर, चकचकीत पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुपके. देवाची सुवार्ता सांगत हिंडणारा, पाच रानांत गाजलेला सुवार्तिक! कला अशी, की कुणाचाही आवाज हुबेहूब काढावा. तो मोहाच्या शेंड्यावर बसून सशाशी सशाच्या आवाजात बोलला, माकडांशी माकडांच्या आणि साळूबाईशी तिच्याच खरखरीत सुरात. ज्याला त्याला वाटले, हा माझ्याशीच बोलतोय. पेंगणे कुठल्या कुठे पळाले. "हालेलुया!" माकडे फांद्या हलवून ओरडली.

"प्रिय जनहो," भृंगराज म्हणाला, "देवाची लेकरे आणि उपाशी? छे, छे! जो देतो त्याचे घर भरते. ज्याचे घर रिकामे त्याचा विश्वास उणा, असे खुशाल समजा! आणि ही काय तुमची रीत? एवढे चांगले काम, आणि तोंड फिरवून? आजपासून तोंडे इकडे करा. जो ढोलीत हात घालील त्याचे नाव मी या शेंड्यावरून घेईन. थेट स्वर्गापर्यंत ऐकू जाईल!"

"पण सुवार्तिक, नाव घेतलं तर..." कासव बोलू लागले. त्याचे वाक्य संपेपर्यंत सभा टाळ्या वाजवून दमलीसुद्धा होती.

पहिल्याच रविवारी साळूबाईने चांगले तीन मोठे करांदे नेऊन ढोलीत टाकले. वरून शीळ घुमली, "आपल्या साळूबाईने दिले हो! उदार हाताची साळूबाई!" मग काय, बाईचे पाय जमिनीवर ठरेनात. पुढच्या रविवारी तिने पाच नेले, त्याच्या पुढच्या रविवारी आठ. सगळ्यांचेच तसे झाले. ढोली तुडुंब भरू लागली. गंमत म्हणजे घेणारे कुणी दिसेचना! तेव्हा उरलेले भृंगराजाच्या ऐनाच्या झाडावर जाऊ लागले. "मोठी सभा भरवायची आहे," तो सांगे.

साळूबाईच्या शेजारी एक चिचुंदरी राहत होती. दिसायला बेताची, अंगाला वास, पदरात पाच पोरे. फारसे कुणी तिच्या वाटेला जात नसे. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. साळूबाईने तिला वाटेत गाठून म्हटले, "काय गं, चिपाड झालीस पार! विश्वास वाढव, विश्वास. माझं बीळ बघ कसं भरलंय!" चिचुंदरीने मान खाली घातली आणि ती निघून गेली.

आणि मग एका दुपारी ओढ्याची दरड कोसळली. साळूबाईचे बीळ, बिळातले सगळे करांदे, सगळे मातीखाली गडप! पिल्लांना तिने कसेबसे बाहेर ढकलले, पण एक दगड तिच्या उजव्या पंजावर बसला. उकरायचा पंजाच ठेचला, आता करणार काय? ती एका खडकाच्या कपारीत जाऊन राहिली. पहिला दिवस पिल्लांनी झाडाच्या सालीवर काढला. दुसऱ्या दिवशी धाकटे रडत होते. तिसऱ्या दिवशी ते रडायचेही थांबले, आणि साळूबाईच्या काळजाचे पाणी झाले.

"ढोलीकडे जावं का?" तिच्या मनात आले. पण छे! सगळ्यांची तोंडे ढोलीकडे! वर तो बसलेला! उद्या सगळे रान म्हणेल, साळूबाईचा विश्वास उणा. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात कपारीच्या तोंडाशी खसफस झाली. चिचुंदरी आली होती. तिने एक सुकलेले बोर पिल्लांपुढे ठेवले.

"एवढंच आहे, ताई. अर्धं-अर्धं द्या दोघांना."

"आणि तुझ्या पोरांना गं?"

"त्यांना सवय आहे."

"कसली सवय? तू ढोलीतून घेत नाहीस का?"

चिचुंदरीने बोर पिल्लांच्या आणखी जवळ सरकवले. मग म्हणाली, "पूर्वी घ्यायचे. दर रविवारी. तुम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, बरं होतं. ते सुवार्तिक आल्यावर मी गेले आणि नुसता हात आत घातला, तर ते वरून ओरडले, 'चिचुंदरीबाईने दिले हो!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताई. आता टाळ्या वाजल्यावर मूठ भरून बाहेर कशी काढू? रिकामीच काढली. तेव्हापासून दर रविवारी जाते, रिकामा हात घालते, रिकामा काढते. नाही गेले तर म्हणतील, हिचा विश्वास संपला."

साळूबाई तिच्याकडे बघतच राहिली. पोटात कावळे ओरडत असताना ही बाई दर रविवारी देणाऱ्यांच्या रांगेत उभी राहत होती! आणि आपण हिला काय म्हणालो होतो? विश्वास वाढव! तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की मघाची लाज त्यापुढे काहीच नव्हती. तिचे डोळे भरून आले. मग तिने नाक पुसले आणि अंगावरचे काटे असे काही फुलवले, की चिचुंदरी दोन पावले मागे सरली.

"उद्या रविवार ना?" साळूबाई म्हणाली. "उद्या बघतेच मी!"

दुसऱ्या दिवशी मोहाखाली हीऽ गर्दी. साळूबाई लंगडत, काटे खळखळवत थेट ढोलीपाशी गेली. पिल्ले मागे होतीच. तिने डावा पंजा आत घातला. वरून शीळ घुमली, "आपल्या साळूबाईने दिले हो! उदार हाताची..."

"थांबा, सुवार्तिक!" साळूबाई कडाडली. तिने पंजा बाहेर काढला. पंजात दोन करांदे होते. "नीट बघा. दिलं नाही, घेतलं! माझी पोरं तीन दिवस उपाशी आहेत. आता घ्या माझं नाव! त्याच सुरात घ्या, स्वर्गापर्यंत जाऊ द्या!"

भृंगराजाने चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. साऱ्या रानाचे आवाज काढणाऱ्या त्या पठ्ठ्याला एक आवाज फुटेना! शेवटी तो कसाबसा म्हणाला, "बाई, तुमचा विश्वास उणा पडला."

"उणा?" साळूबाई म्हणाली. "अहो, विश्वास आहे म्हणूनच हात घातला! देवानं माझ्यासाठी ज्यांच्या घरात एक मूठ बाजूला काढायला लावली, त्यांच्यावर विश्वास आहे. तीन रविवार माझं नाव घेतलंत, मी हुरळले, ती माझी चूक. पण भुकेल्याला घेताना लाज वाटावी, अशी ढोली आम्हाला नको!"

गर्दीच्या मागून एक बारीक आवाज आला, "मीसुद्धा घेणार आहे." चिचुंदरी! ती पाच पोरांना पुढे घालून आली आणि तिने सर्वांदेखत मूठ भरून घेतली. मग एक म्हातारा ससा उठला. मग दोन रानकोंबड्या, मग एक पाय तुटलेले भेकर. जो तो दचकून शेजाऱ्याकडे बघू लागला. गेल्या रविवारी ज्यांच्या नावाने टाळ्या पडल्या होत्या, त्यांतले कितीतरी जण उपाशी होते.

घेणारे संपायच्या आत ढोली संपली. तेव्हा कासवाने मान वर केली. "सुवार्तिक, ऐनावर ठेवलेलं खाली द्या," ते म्हणाले. आवाज संथच होता, पण त्या दिवशी कुणी पेंगले नाही.

"ते मोठ्या सभेसाठी आहे," भृंगराज म्हणाला.

"सभा भरलेलीच आहे," कासव म्हणाले.

हे ऐकायचा अवकाश, माकडे ऐनावर चढली. करांदे, बोरे, फुले धडाधड खाली येऊ लागली. भृंगराजाने आपल्या शेपटीच्या तारा सावरल्या आणि ओढ्यापलीकडे उडून गेला. कुणी त्याच्यामागे दगड मारला नाही. सगळे वाटून घेण्यात गर्क होते. पहिला वाटा चिचुंदरीच्या पोरांना मिळावा म्हणून साळूबाई काटे फुलवून उभी होती, आणि तिच्यापुढे घुसायची कुणाची छाती होणार?

मग ती आपल्या पिल्लांपाशी येऊन बसली. धाकट्याने तोंडभर करांदा कोंबत म्हटले, "आई, त्यांनी तुझं नाव घेतलंच नाही!"

साळूबाई हसली. "देवाला पाठ आहे रे ते," ती म्हणाली. "तू खा."

तात्पर्य : ज्या दानाच्या गाजावाजात भुकेल्याला हात पुढे करायची लाज वाटते, ते दान देवाला नव्हे, देणाऱ्याच्या नावाला वाहिलेले असते.