एकाच काठीची दोन टोकं

एका नगरात एक कोतवाल होता आणि त्याचीच री ओढणारा एक दवंडीवाला होता. तिथली रीत अशी, की दवंडीवाल्याने ढोल वाजवून चौकात हुकूम सांगायचा आणि लोकांनी "ऐकलं!" म्हणायचं. त्याशिवाय कुठलाच हुकूम लागू होत नसे. पण लोक इतके शहाणे, की वर्षानुवर्षं न ऐकताच "ऐकलं" म्हणून मोकळे होत.

एके सकाळी कुंभाराची मडकी रस्त्याकडेला वाळत होती. कोतवालाच्या घोड्याला ती आडवी आली. "थांबा साहेब, उचलतो," कुंभार एवढंच म्हणाला. कोतवालाने त्याला इतकं मारलं, की काठी मोडली.

दवंडीवाला तिथंच उभा होता. तासाभराने तो चौकात ओरडला, "ऐका हो ऐका! कुंभाराने कोतवालसाहेबांची काठी मोडली!"

काठी मोडली हे खरंच होतं म्हणा. कुणाच्या पाठीवर, ते तेवढं सांगायचं राहिलं. लोक म्हणाले, "ऐकलं!" कुंभार कोठडीत गेला. दुसऱ्या दिवशी त्याला नगराबाहेर हाकलायचं ठरलं.

कुंभारणीने डोळे पुसले, गेरू कालवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच चौकातल्या कोतवालाच्या चावडीच्या भिंतीवर एक चित्र काढलं. मधोमध कोतवाल, हातात काठी. एका बाजूला ओणवा पडलेला कुंभार, दुसऱ्या बाजूला ढोल अडकवलेला दवंडीवाला.

कोतवालाने ते गुपचूप पुसून टाकायचं, तर सगळा गाव गोळा केला. "या चित्राचा अर्थ काय? बोला!"

शाळेचे पंतोजी घाईघाईने म्हणाले, "साहेब, आपण कुंभाराची पाठ चेपून देताय."

लोक खुसखुसले. तेली म्हणाला, "दोन काठ्या दिसतात. एक मारायची, एक वाजवायची."

"नीट बघा, मामा," कुंभारीण म्हणाली. "काठी एकच आहे."

सगळे पुढे सरकले. खरंच की! कोतवालाच्या मुठीतून एकच लांब काठी आरपार गेली होती. तिचं एक टोक कुंभाराच्या पाठीवर, दुसरं ढोलावर. दवंडीवाल्याचे हात नुसतेच लोंबत होते.

दवंडीवाल्याने त्या काठीवरून बोट फिरवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"पुसा ते!" कोतवाल गरजला. "आणि तू, कुंभाराच्या हद्दपारीची दवंडी दे!"

दवंडीवाल्याने ढोलाचं टिपरू खाली टाकलं आणि उघड्या तळव्याने ढोल बडवला. "ऐका हो ऐका! काल मी अर्धंच सांगितलं. काठी कुंभाराच्या पाठीवर मोडली. त्याचे हात रिकामे होते. मी डोळ्यांनी बघितलं!"

कोतवालाने ढोल हिसकावला. स्वतःच बडवत तो ओरडला, "कुंभार हद्दपार!"

कुणीच "ऐकलं" म्हटलं नाही. तो दुसऱ्यांदा ओरडला, तिसऱ्यांदा ओरडला. शिपायांनी काठ्या उगारल्या, पण समोरची एक नजरही खाली जाईना. ज्यांना चित्र कळलं नव्हतं, त्यांनाही कोतवालाने स्वतःच ढोल बडवून ते समजावलं होतं.

मग कुंभारीण पुढे आली. तिच्याकडे ढोल नव्हता. ती साध्या आवाजात म्हणाली, "माझ्या नवऱ्याला सोडा."

आणि अख्खा चौक एका आवाजात म्हणाला, "ऐकलं!"

तात्पर्य: ढोल कितीही मोठ्याने वाजो, तो कुणाच्या काठीने वाजतोय ते आधी बघावं, "ऐकलं" त्यानंतरच म्हणावं.