पाच नावांची एक

साळिंदर शूलपाणी काटेरे, वय एकोणसत्तर, हे त्या राज्याचे दप्तरदार होते. राज्यात पाच खोरी होती, पाच खोऱ्यांत पाच भाषा होत्या, आणि ज्याचे नाव दप्तरात नाही त्याला जगण्याची परवानगी नव्हती. पाचही खोऱ्यांच्या माथ्यावर एक रान होते. तेथे कोणी जात नसे. तेथून मात्र अधूनमधून कोणीतरी खाली येत असे.

काटेरे कोणत्याही पाठशाळेत गेले नव्हते. पाचही भाषा त्यांनी एकेक शब्द कानात साठवून स्वतःच आत्मसात केल्या होत्या, आणि भेटणाऱ्यास ते ही गोष्ट लवकरच कळू देत. लेखणीसाठी ते स्वतःच्याच पाठीचा काटा उपटत व वेदना चेहऱ्यावर दिसू देत नसत. 'रानमार्जारांची नामोत्पत्ती' हे दप्तरातील प्रकरण त्यांच्या चाळीस वर्षांच्या श्रमांचे फळ होते. शेळ्या एका मांजरीला 'मानधर' म्हणत, कारण ती मानच धरी. ससे 'काळकान' म्हणत. गवतावर उभारलेल्या दोन काळ्या कानांपलीकडे त्यांनी काही पाहिलेच नव्हते. तितरांच्या बोलीत 'झेपाळी' होती, जी उडालेले पाखरू हवेतून खाली ओढी. मुंगसांची 'भुरी' रंगावरून आलेली होती. हरणांनी तर नाव ठेवलेच नव्हते. नाव घेतले की ती येते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून हरणे तिला नुसती 'पलीकडची' म्हणत.

पाच शब्द, पाच व्युत्पत्ती, म्हणून पाच मांजरी. काटेऱ्यांनी यांपैकी एकही पाहिली नव्हती, आणि त्याची आवश्यकताही नव्हती. दप्तराचा नियम असा होता की दोन तोंडांनी उच्चारलेला शब्द हा पुरावा. डोळ्यांनी पाहिलेले हा पुरावा नव्हे.

त्या वर्षी वरून हुकूम आला. एका रानात पाच मांजरी फार झाल्या. एक राखावी, चार काढाव्यात. कोणती राखायची ते दप्तरदाराने ठरवावे. राजाची रानकुत्री खोऱ्याखोऱ्यांत उतरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक मांजर दप्तराच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"दप्तरदारसाहेब, त्या पाचही मीच," ती म्हणाली. "मला एकदाच लिहा."

"बाई, साक्षीदार आणले आहेत?"

"मी समोर उभी आहे की."

"उभे राहणे हा पुरावा नव्हे," काटेरे म्हणाले. नाव खोडायचे तर ज्यांनी ते ठेवले त्यांनीच येऊन सांगावे लागे. नियम पाळण्यात त्यांनी कसूर केली नाही. त्यांनी शेळ्यांची कारभारीण चांदवी आणि सशांचा म्होरक्या दुडक्या या दोघांना बोलावणे धाडले.

चांदवी फाटकाबाहेरच थांबली. तिने मांजरीला लांबूनच न्याहाळले.

"ही? ही मानधर? अहो दप्तरदार, आमची मानधर केवढी थोरली! दोन लेकी नेल्या माझ्या. ही तर सशांचं ते... नुसते कान!"

"नुसते कान म्हणू नका हं, चांदवीबाई!" दुडक्या उसळला. "आमच्या काळकानानं अख्खी वस्ती उठवलीय. तुमच्या मानधरीला आमच्याकडे कुत्रं विचारत नाही."

"तुम्हाला काय, कुणीही खातं! त्यात कसला मोठेपणा?"

मांजर शांतपणे म्हणाली, "चांदवीबाई, तुमची थोरली पांढरी होती. डावा कान फाटलेला. मीच नेली तिला."

चांदवीचा रवंथ थांबला. तिने मांजरीच्या तोंडाकडे पाहिले. मग मान वळवून म्हणाली, "म्हणजे आम्ही आणि हे ससुर्डे एकाच दाताला भ्यालो, असं लिहून देऊ? मेले तरी नाही देणार."

"आम्ही तरी कशाला देऊ?" दुडक्या म्हणाला. या एका गोष्टीवर दोघांचे एकमत झाले आणि दोघे दोन वाटांनी निघून गेले.

आता एकच मार्ग उरला होता. 'नोंद माझ्या चुकीने झाली' असे दप्तरदाराने स्वहस्ते लिहून दिल्यास साक्षीची गरज पडत नसे. काटेऱ्यांनी मांजरीकडे प्रथमच नीट पाहिले. कान काळे होते. अंग भुरे होते. मागचे पाय झेप घेण्यासाठीच घडवल्यासारखे होते. त्यांनी पाठीचा काटा उपटला, शाईत बुडवला आणि 'नोंद माझ्या' एवढे लिहिले. पुढचा शब्द त्यांना पाचही भाषांत येत होता. शाई टोकावर वाळून गेली.

"राखायची ती 'पलीकडची'," ते अखेर म्हणाले. "तिची व्युत्पत्ती सर्वांत सुंदर आहे. आपण हरणांच्या खोऱ्यात जावे. तेथे आपणास कोणी हात लावणार नाही."

"ते शेवटचं खोरं, साहेब. मधे चार लागतात."

"तो विषय दप्तराच्या कक्षेत येत नाही."

मांजरीने पायरीवर बसून एक पंजा चाटला, मग ती उठली आणि हरणांच्या दिशेने चालू लागली. शेळ्यांचे खोरे ओलांडण्याआधीच रानकुत्र्यांनी तिला गाठले. संध्याकाळी कातडे दप्तरात आले. काटेऱ्यांनी ते हात न लावता पाहिले आणि सुवाच्य अक्षरात नोंद केली: 'मानधर, काढली.'

त्यानंतर दप्तरात चार मांजरी उरल्या. तीन खोऱ्यांत तिघींचा शोध अजून चालू आहे. चौथीच्या रक्षणासाठी हरणांच्या खोऱ्यात, रानाच्या तोंडाशी, एका रानकुत्र्याची नेमणूक झाली आहे. ते रानाकडे पाठ करून बसते आणि कोणालाही आत जाऊ देत नाही. हरणे त्याच्यासमोरून जाताना आवाज खाली आणतात.