पेंगणारी ज्यूरी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः कोर्टात होतो. म्हणजे माझा जन्म व्हायचा होता, पण ते सोडा.

झोपाळ्यावर दुपारची डुलकी घेताना इनामदारांना गेणू माळी चांदीचं तबक नेताना दिसला म्हणे. दुसरा पुरावा नव्हता, तरी गेणूला तुरुंग दिसू लागला होता. पंख्याच्या झुळकीत सारं कोर्ट तरंगत होतं. ज्यूरी निवडताना गेणूचे वकील टिपणीस तरतरीत माणसं नाकारत होते आणि जांभया देणारी ठेवून घेत होते.

"टिपणीस, ज्यूरी निवडताय की धर्मशाळा भरताय?" न्यायाधीश गुरगुरले.

"मिलॉर्ड, अर्धवट झोपेत काय काय दिसतं, हे रोज पेंगणाऱ्यालाच ठाऊक. इनामदारांना जे दिसलं, ते यांनीच तोलावं."

ज्यूरीने एकमताने निर्दोष म्हटलं आणि न्यायाधीशांनी हसत हसत गेणूला सोडलं. त्यातलं हसणं तेवढं मी पदरचं घातलंय.