एक घोंगडी, दोन पाटील

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. एका डोंगरावर दोन गावं होती, वरगाव आणि खालगाव, आणि दोघांत मिळून एकच ओढा. होळीला खालगावच्या पोळ्या वर जात आणि वैशाखात वरगावची करवंदं खाली येत.

पुढे ऋतूंनीच ताळतंत्र सोडलं. उन्हाळा हटेना, पाऊस येईना. ओढा करंगळीएवढा झाला. वरगावचा पाटील घाबरला आणि त्याने बांध घालून, त्याच्या तोंडाला फळ्या लावून सगळं पाणी अडवलं. खालगावची पोरं डबक्यातलं पाणी पिऊन आजारी पडू लागली.

"येत्या अमावस्येला बांध फोडतो!" खालगावचा पाटील गरजला.

"येऊन तर बघ!"

राग होता आभाळावर, काठ्या उगारल्या एकमेकांवर. दोन्ही पाटील रोज संध्याकाळी बांधावर एकमेकांवर नजर ठेवत बसू लागले. साचलेल्या पाण्यात डासांची मात्र चंगळ होती. त्यांनी वरचा-खालचा न बघता दोघांचाही समाचार घेतला. अमावस्येच्या आधीच दोन्ही पाटील तापाने फणफणले!

औषध देणारी आजीबाई एकच, बांधाजवळच्या झोपडीत राहणारी. तिने दोघांना शेजारी शेजारी झोपवलं. पांघरायला घोंगडीही एकच. पण गंमत अशी, की ताप दिवसाआड येई. आज वरगावचा कुडकुडे, उद्या खालगावचा.

"आण इकडे ती घोंगडी!" खालगावचा ओरडला.

"घे बाबा. आज मला नकोच आहे."

दुसऱ्या दिवशी खालगावच्याने ती आपणहून त्याच्या अंगावर घातली.

आजीबाईने काढा पुढे केला. "पुरली ना रे दोघांना?"

"पुरली की," म्हणता म्हणता खालगावचा थबकला. "पाटील, पाणीसुद्धा असंच दिवसाआड घेतलं तर?"

"आणि माझ्या गावाला कमी पडलं तर?"

"दोघांनाही थोडं कमी पडेल. पण माझी पोरं वाचतील हो."

वरगावच्या पाटलाला ते फार लागलं. ताप उतरताच तो लटपटत बांधावर गेला आणि स्वतःच्या हाताने फळ्या काढल्या. पाणी वाहतं झालं, डासांचा तळ उठला, खालगावची पोरं पुन्हा हुंदडू लागली.

पुढचा उन्हाळा आणखी कडक निघाला. पण बांधावरच्या खुंटाला आता ती घोंगडी टांगलेली असे. ती ज्या बाजूला, त्या दिवशी पाणी त्या गावाचं. आजीबाईला थंडीसाठी नवी घोंगडी हवीच होती. ती दोन्ही गावांनी मिळून विणून दिली.

तात्पर्य इतकंच: ऊन वाढलं म्हणून डोकी तापवू नयेत. उरलेलं थोडं आळीपाळीने घेतलं, तर सगळेच तरतात.